त्रेचाळीस रिले आणि एक घंटा

घरातल्या मागच्या खोलीला बायको भंगारखाना म्हणे आणि ते स्वतः कार्यशाळा म्हणत. यांपैकी कोणते नाव वस्तुस्थितीला अधिक धरून आहे यावर त्या घरात बावीस वर्षे वाद चालू होता. वादात हार न मानण्याबद्दल त्यांचा लौकिक होता. तरी एक गोष्ट त्यांनाही मनातल्या मनात कबूल करावी लागे. कार्यशाळेत काही कार्य होत असावे, अशी लोकांची अपेक्षा असते. त्यांच्या खोलीत आजवर केवळ वर्गीकरण झाले होते.

लिफ्टच्या कंपनीत देखभाल-पर्यवेक्षक म्हणून त्यांनी एकतीस वर्षे काढली होती. एखादी जुनी लिफ्ट मोडीत निघाली की तिची नियंत्रण-पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर चढण्यापूर्वी ते तिथे हजर होत आणि आप्ताच्या घरची निरवानिरव करावी तशा हळव्या हाताने तिच्यातले सुटे भाग काढून घेत. निवृत्तीनंतर लिफ्ट संपल्या, पण शेजारी संपले नाहीत. कोणाच्या प्रिंटरने मान टाकली, कोणाचा टीव्ही आंधळा झाला, कोणाचे धुलाईयंत्र मध्येच फतकल मारून बसले, की ते सगळे यांच्या दारात येऊन पडे. मग डाख वितळवून एकेक भाग सोडवायचा, पुसायचा, मीटरने तपासायचा, त्याचे कार्ड लिहायचे आणि ठरलेल्या खणात तो ठेवायचा. असे एकशे अठ्ठावीस खण होते. बायकोने त्यांचे नाव भांडारप्रमुख ठेवले होते. तो उपहास होता हे त्यांना कळत होते. पण शब्द भारदस्त आणि व्याकरणशुद्ध असल्यामुळे त्यांनी तो पदवीसारखा स्वीकारला.

भांडाराचा एकच नियम होता : काढलेला भाग योग्य कामालाच लावायचा. नियम उत्तम होता, आणि त्याच्या काटेकोर पालनामुळे बावीस वर्षांत एकही भाग खणाबाहेर पडला नव्हता. एकदा शेजाऱ्याच्या पंख्याला एक कपॅसिटर हवा होता. भांडारप्रमुखांपाशी तसे एकोणीस होते. त्यांनी शेजाऱ्याला बसवून घेतले, एकोणीसच्या एकोणीस दाखवले, प्रत्येकाचा पूर्वेतिहास सांगितला, आणि शेवटी चौकातल्या दुकानात तो सहज मिळेल असे सांगून दुकानाचा पत्ता दिला.

अशा या सुरळीत चाललेल्या संस्थेवर संकट आले ते सासऱ्यांच्या कानांवाटे.

सासरे चौऱ्याऐंशी वर्षांचे. उभा जन्म छापखान्यात गेला. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे काम. डोळे अजून असे की उलटे अक्षर सुलट्यापेक्षा चटकन वाचतील. पण शेजारच्या छपाईयंत्राच्या गडगडाटाने कान पार बाद केले होते. समोर तोंड करून सावकाश बोलले तर सगळे समजे, पाठीमागून तोफ डागली तरी ते पान उलटत बसत. दोन गल्ल्या पलीकडे दुसऱ्या मजल्यावर ते एकटे राहत. एका सकाळी लेक डबा घेऊन गेली, तर आतून कडी. तिने तासभर घंटा वाजवली, दार बडवले, हाका मारल्या. जिन्यात सगळी इमारत गोळा झाली. शेवटी सुताराला बोलावून दाराची चौकट फोडली, तेव्हा आत वडील खिडकीपाशी टेबलावर कोपरे टेकून शब्दकोडे सोडवत होते. त्यांनी वर पाहिले आणि विचारले, "दार का फोडलंत? घंटा नाही का वाजवायची?"

त्याच दिवशी जेवताना बायकोने निकाल दिला.

"अहो, महिनाअखेरीला बाबा इकडे येतायत. कायमचे."

"आनंद आहे. झोपणार कुठे?"

"तुम्हीच सांगा. मागची खोली सोडून दुसरी कुठली आहे का?"

भांडारप्रमुखांच्या हातातला घास हातातच राहिला. "हा निष्कर्ष घाईचा आहे," ते म्हणाले. "बाबांनी कुठे राहावं हा प्रश्नच नाही. बाबांना घंटा कळत नाही, हा प्रश्न आहे. दुखणं घंटेचं आणि तू औषध देतेयस बिऱ्हाडाला."

"बरं. मग तुम्ही घंटेला द्या औषध."

"देतो की."

"बारा दिवसांत. बाबांना न चुकता कळेल अशी घंटा बसवा, मी त्यांना हलवणार नाही. पण एक सांगून ठेवते. ती तुमच्या खणातल्या मालातूनच झाली पाहिजे. बाजारातूनच सामान आणायचं तर मी कोपऱ्यावरच्या वायरमनला सांगेन. मग ती खोली कशाला अडवून ठेवायची?"

या युक्तिवादात त्यांनी बराच वेळ भोक शोधले. सापडले नाही. म्हणून त्यांनी "तत्त्वतः मान्य" एवढेच म्हटले.

दुसऱ्या दिवशी ते मापे घ्यायला सासऱ्यांकडे गेले. सासरे दाराची नवी चौकट रंगवत होते. कुंचला खाली न ठेवता म्हणाले, "जावईबापू, मला तुमच्याकडे यायचं नाही. आणि मी यावं असं तुम्हालाही वाटत नाही. लग्नापासून आजवर आपलं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. आता ते वाया घालवू नका."

योजना साधी होती. दारावरचे बटण दाबले की घंटेऐवजी टेबलावरचा दिवा लागायचा. बटणापर्यंत थोडीच वीज न्यायची आणि तिने रिले ओढायचा. रिले म्हणजे विजेवर चालणारा खटका. लहान विजेच्या हुकमाने तो मोठ्या विजेची वाट उघडतो. कोपऱ्यावरच्या वायरमनने हे काम चहा निवायच्या आत उरकले असते. भांडारप्रमुखांनी पहिले सहा दिवस आराखडे काढण्यात घालवले. सातव्या दिवशी एका मृत अॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर खणातून बाहेर आला. तो काढताना त्यांना दाढ उपटल्यासारखे झाले; पण तसे ट्रान्सफॉर्मर आणखी पाच आहेत, असे त्यांनी स्वतःला समजावले. वायर प्रिंटरची, डबा रेडिओचा, दिवा एका मोडक्या शिवणयंत्रावरचा. राहता राहिला रिले.

रिलेंचा खण सर्वांत खालचा आणि सर्वांत जड. लिफ्टच्या पेट्यांतून काढलेले त्रेचाळीस रिले त्यात मलमलीच्या तुकड्यांत गुंडाळून निजवलेले होते. एकेक मुठीएवढा, तांब्याच्या वेटोळ्याचा, चांदीच्या टोकांचा. त्यांनी पहिला सोडला. हा एका रुग्णालयाच्या लिफ्टमधला, सव्वीस वर्षे चाललेला. याला दिवा लावायला बसवणे म्हणजे अपमान. दुसरा जोडीतला, जोडी कशी फोडायची? तिसऱ्याची टोके अजून आरशासारखी. असा पुन्हा मिळणार नाही. चौथ्याची टोके घासलेली. असला सासऱ्यांना देणे बरे दिसणार नाही. उत्तम होता तो देववत नव्हता, मध्यम होता तो देणे शोभत नव्हते. दुपारपर्यंत त्रेचाळीसही पाहून झाले आणि त्रेचाळीसही परत मलमलीत गेले.

अकराव्या दिवशी भांडारप्रमुख चौकातल्या दुकानात उभे होते.

"एक रिले द्या. चोवीस व्होल्टचा."

दुकानदाराने काडेपेटीएवढी निळी, प्लास्टिकची, करकरीत नवी वस्तू काउंटरवर टाकली. "तुम्ही? आणि विकत?" त्याने भुवया चढवल्या. "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यानंतर जे घडले ते सांगताना लेखणी अडखळते. पण सांगितले पाहिजे. ज्या माणसाने निम्मे आयुष्य जुन्या वस्तू नव्यासारख्या करण्यात घालवले, त्याने त्या दिवशी अख्खी दुपार एक नवी वस्तू जुनी करण्यात घालवली. आधी पॉलिश-कागदाने तिच्यावरची छापील अक्षरे घासली. मग तिला चहाच्या चोथ्यात बुडवून ठेवले. मग कोळ्याचे जाळे चोळले. आरशात सहज नजर गेली तेव्हा कपाळाला काजळी लागलेला एक वयस्क भामटा त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी मान वळवली.

"सगळं खणातलंच ना?" संध्याकाळी बायकोने विचारले.

"ट्रान्सफॉर्मर, वायर, डबा आणि दिवा खणातले आहेत," ते म्हणाले. वाक्य शब्दशः खरे होते. आपण खोटे बोललो नाही याचा त्यांना एवढा अभिमान वाटला की नीट जेवणही गेले नाही.

बाराव्या दिवशी सकाळी नऊला ते सासऱ्यांकडे डबा बसवत होते. बायको अकराला परीक्षेला यायची होती. सासरे भिंग घेऊन डब्यात डोकावत उभे राहिले.

"हे निळं काय?"

"रिले."

"तुमच्या संग्रहातला?"

"माझ्या ताब्यातला," भांडारप्रमुख जपून म्हणाले.

सासऱ्यांनी ती वस्तू दोन बोटांत धरून उजेडाशी तिरपी केली. घासलेल्या अक्षरांचा नुसता वळ उरला होता. साठ वर्षे उलटे खिळे वाचलेल्या डोळ्यांना तेवढा पुरला. "मार्च," ते म्हणाले, "आणि वर्ष... हेच. जावईबापू, तुम्ही निवृत्त होऊन किती वर्षं झाली?"

"सात."

"मग ही लिफ्ट फारच लहानपणी वारली म्हणायची." त्यांनी वस्तू हुंगली. "आणि चहा पिऊन वारली."

भांडारप्रमुखांनी पेचकस खाली ठेवला. "बाबा," ते समोर तोंड करून सावकाश म्हणाले, "हिला सांगणार का?"

"मी कशाला सांगू? मला घर सोडायचं नाहीये. मार्चचा असो नाहीतर उद्याचा, दिवा लागला म्हणजे झालं."

अकराच्या ठोक्याला परीक्षा सुरू झाली. अटी बायकोने घातल्या होत्या : बाबांनी रोजच्यासारखे बसायचे, आणि भांडारप्रमुखांनी कोपऱ्यात उभे राहायचे, खाकरायचे नाही, खुणा करायच्या नाहीत, जागचे हलायचे नाही. सासरे खिडकीपाशी टेबलावर कोपरे टेकून कोड्यात शिरले. बाहेर बायकोने बटण दाबले. रिले ओढला गेला आणि दिवा लागला. निर्दोष लागला.

पण अकराचे ऊन खिडकीतून थेट टेबलावर उतरले होते. त्या लख्ख उजेडात शिवणयंत्राचा तो दिवा म्हणजे भर सभेत कोणी पुटपुटावे तसा. सासऱ्यांनी उभे चार शब्द भरले. दिवा विझला, पुन्हा लागला. सासऱ्यांनी पेन्सिलीचे टोक चाटले. कोपऱ्यात भांडारप्रमुखांना खोकावेसे वाटले. मग लक्षात आले की ज्याच्यासाठी खोकायचे त्याला खोकला ऐकू येणार नाही, म्हणजे अट मोडल्याचे पाप लागेल आणि पुण्य काहीच नाही. दिवा पाचव्यांदा लागला, तेव्हा सासरे आडव्या शब्दांना लागले होते.

शेवटी दार भांडारप्रमुखांनीच उघडले.

"लागला होता," दारातल्या बायकोला ते म्हणाले. "पाचही वेळा. यंत्र निर्दोष आहे. दोष सूर्याचा आहे."

"मग सूर्याला सांगा," ती म्हणाली. आत जाऊन ती वडिलांसमोर बसली. "बाबा, मला हौस नाही हो तुम्हाला उठवायची. पण परत तसा तास मला जिन्यात काढवणार नाही. रविवारी टेम्पो सांगते."

सासऱ्यांनी कोडे बंद केले. टेबलाच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला. छापखाना बंद झाला तेव्हा तिथून उचलून आणलेले जाड लाकडाचे टेबल ते. मग ते जावयाकडे वळले.

"छापखान्यात आम्ही एकमेकांना हाका मारत नव्हतो. मारून उपयोगच नव्हता. फोरमनला कोणी हवा असला की तो टेबलावर हातोडी आपटायचा. आवाज नाही यायचा, कोपराला कळायचं." त्यांनी कोपर टेकले. "तुमच्या एवढ्या त्या खणांत आपटणारं काही नाही?"

"आपटणारं?"

"धाडकन. हे निळं तर मुंगी शिंकल्यासारखं करतं."

लिफ्टच्या यंत्रखोलीत उभे राहिले की ते त्रेचाळीस रिले कसे आपटत, ते भांडारप्रमुखांना आठवले. वरच्या मजल्यांवरचे लोक तक्रारी करत, की भिंतीतून कोणी बुक्क्या मारते आहे. तक्रार नोंदवून घेणारे तेच होते.

"आहे," ते म्हणाले.

"मग ते का नाही बसवलंत?" बायकोने विचारले.

यावर तीन उत्तरे त्यांच्या जिभेवर आली. तिन्ही शब्दशः खरी होती. त्यांनी तिन्ही गिळली.

"कारण ते चांगले आहेत," ते म्हणाले. "आणि निळा मी काल विकत आणला. घासला. चहात भिजवला."

बायको त्यांच्याकडे बघतच राहिली. "चहात?"

"चोथ्यात."

आधी ती रागावणार होती; तोंड तसे झालेही होते. पण चोथ्यापाशी तिचा धीर सुटला. ती एवढी हसली की सासऱ्यांना काही ऐकू न येताही हसू आले. "अहो," डोळे पुसत ती म्हणाली, "माणसं नव्या नवरीला नटवायला घेत नाहीत एवढे कष्ट तुम्ही त्या दहा पैशांच्या वस्तूला म्हातारी करायला घेतलेत? जा. तासाभरात तुमच्यातला एक घेऊन या. जमलं तर रविवारचा टेम्पो नाही. नाही जमलं तर आहे. आणि या वेळी निवडत बसू नका."

हे शेवटचे वाक्यच कठीण होते. घरी येऊन त्यांनी खालचा खण उघडला, डोळे मिटले आणि हात घातला. मग एक डोळा उघडला. ही लबाडी आहे हे कळल्यामुळे पुन्हा मिटला. हाताला आला तो सतराव्या क्रमांकाचा. कार्ड पाहिले. आपल्याच सुबक अक्षरात 'शेरा' या रकान्यात लिहिले होते : 'स्थिती उत्तम. दोष : आपटण्याचा आवाज फार.' काही वेळ ते स्वतःच्या त्या अक्षराकडे, दुसऱ्या कोणी मूर्खाने लिहिले असावे तसे, पाहत उभे राहिले.

सतरावा रिले त्यांनी डब्यात न ठेवता थेट टेबलाच्या खालच्या फळीला, चार स्क्रूंनी, उघडाच आवळला. बायको बाहेर गेली. सासरे कोपरे टेकून बसले. बटण दाबले गेले, आणि टेबलाच्या पोटात कोणीतरी बुक्की मारली. पेन्सिल उडी मारून जमिनीवर गेली, बशीतला कप वाजला, आणि दुसऱ्यांदा बटण दाबण्याआधीच सासरे उठून, कोपर चोळत, दाराकडे निघाले होते. दार उघडून ते लेकीला म्हणाले, "ये. किती वेळची उभी आहेस?"

"आत्ताच आले, बाबा," ती म्हणाली, आणि तिथेच जरा भिंतीला टेकली.

असा टेम्पो रद्द झाला आणि कार्यशाळा वाचली. भांडारप्रमुखांनी विजयाचे चार शब्द बोलायला घसा साफ केला. पण सासऱ्यांना बोलायचे होते.

"टेबलाचं झालं. पण मी दिवसभर टेबलाशीच बसतो का? दुपारी पलंगावर असतो."

"पलंग," भांडारप्रमुख सावधपणे म्हणाले, "हा स्वतंत्र विषय आहे."

"सकाळी ओट्यापाशी असतो. आरामखुर्ची आहे. न्हाणीत एक फळी आहे."

"बाबा, एक देऊन झाला आहे."

"बेचाळीस आहेत ना अजून?"

"आहेत, पण ते बेचाळीस म्हणजे..." त्यांनी बायकोकडे पाहिले. बायको चहाच्या गाळणीकडे पाहत होती. "पलंगाला देतो," ते म्हणाले. "फक्त पलंगाला."

"पलंग आणि ओटा."

"पलंग आणि ओटा. आरामखुर्चीचा विचार करू."

ते पुन्हा घरी आले, खण उघडला, बेचाळीस मलमली गाठोड्यांकडे पाहिले. दोन निवडायचे होते. पहिला सोडला : जोडीतला. दुसरा सोडला : त्या जोडीतलाच. मग त्यांना एकाएकी स्वतःचा विलक्षण कंटाळा आला. त्यांनी खण मुळासकट ओढून काढला, छातीशी धरला आणि रस्त्याला लागले. वाटेत शेजारी भेटला, पंख्याचा, त्याने विचारले, "साहेब, दुकान काढताय?" उत्तर देण्याइतका दम उरला नव्हता.

दोन गल्ल्या आणि दोन जिने. दुसऱ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा दंड भरून आले होते, चष्मा नाकावर घसरला होता, आणि दार बंद होते. खण खाली ठेवावा तर पुन्हा उचलता येईल याची खात्री नाही. बटण दाबावे तर हात मोकळा नाही. त्यांनी कोपराने प्रयत्न केला, पोहोचेना. मग इकडेतिकडे कोणी पाहत नाही असे बघून त्यांनी मान वाकवली आणि कपाळाने बटण दाबले.

आत सतरावा आपटला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि पावले दाराकडे येऊ लागली.